मदतीची सँक्शन नोट दाखवा

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
परराष्ट्र व्यवहारविषयक संसदीय स्थायी समिती,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात परदेशांना मदत म्हणून ५,४८३ कोटी रुपये ठेवले होते. भूतानला २,१५० कोटी, नेपाळला ७००, मालदीवला ६००, मॉरिशसला ५००, म्यानमारला ३५०, श्रीलंकेला ३००, बांगलादेशाला १२०, अफगाणिस्तानला १०० आणि आफ्रिकेतल्या सगळ्या देशांना मिळून २२५ कोटी. परराष्ट्र मंत्रालयाचा वार्षिक अहवाल काढून पाहिला तर कुठे पूल झाला, कुठे दवाखाना झाला, कोणते मंत्री कुठे जाऊन आले हे सगळं मिळतं. मॉरिशसला ५०० आणि श्रीलंकेला ३००च का, हे मिळत नाही. दरवर्षी या अनुदान मागण्या तुमच्या समितीपुढे येतात, तुम्ही सचिवांना प्रश्न विचारता आणि उत्तरं छापता. लोकसभेत बहुतेक मागण्या चर्चेविना एका झटक्यात मंजूर होतात. तेव्हा विचारायचं तर तुम्हालाच.

मी पुण्यात राहते. राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले. आमच्याकडे किराणा दुकानदाराचं पन्नास हजारांचं कर्ज असो नाहीतर कारखान्याचं पन्नास कोटींचं, फाइलमध्ये सँक्शन नोट असायचीच. मागणी कोणाची, कशासाठी, धोका काय, शिफारस कोणी केली. खातं बुडालं की सगळ्यात आधी ती नोट निघायची. साहेबांच्या तोंडी शब्दावर दिलेल्या कर्जांच्याही नोटा असत, आणि जाणकाराने वाचल्या तर साहेबांचा शब्द कुठून आला होता तेही त्यात दिसायचं. या ५,४८३ कोटींची तशी नोट मला वाचायची आहे.

तळजाईवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत हा विषय काढला की पहिलं वाक्य ठरलेलं: घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा. इथे कात्रज-कोंढवा रस्ता वर्षानुवर्षं रखडतो आणि आपण परक्यांना पैसे वाटतो. त्यांना मी एकच आकडा सांगते. पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. अख्ख्या देशाची परदेशी मदत एका पुण्याच्या अंदाजपत्रकाच्या निम्मीही नाही. केंद्राच्या खर्चातल्या शंभर रुपयांमागे साधारण अकरा पैसे. हे अकरा पैसे वाचवा असं माझं म्हणणं नाही. उलट वाढवले तरी माझी हरकत नाही. ते कुठे जातील हे कोणत्या विचाराने ठरलं, एवढंच सांगा.

गरिबी हा निकष नाही, हे तर उघडच आहे. भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आसपास, म्हणजे माणशी सुमारे सत्तावीस हजार रुपये. आफ्रिका खंडाची दीडशे कोटी, म्हणजे माणशी दीड रुपया. मला यात गैर वाटत नाही. भूतानची १९६१ ची पहिली पंचवार्षिक योजना आपल्याच पैशावर उभी राहिली, चुखाचा ३३६ मेगावॉटचा वीजप्रकल्प आपण ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज देऊन बांधला आणि तिथली वीज आपणच विकत घेतो. चीनशी आमनेसामने आलो ते भूतानच्या सीमेवरचं डोकलाम कुठे आहे हे २०१७ पासून शाळकरी पोरांनाही माहीत आहे. शिवाय भूतानचा आकडा कसा ठरतो याचा माग तरी लागतो. त्यांची पंचवार्षिक योजना, त्यावर दोन सरकारांची बोलणी, मग रक्कम. बाराव्या योजनेसाठी आपण ४,५०० कोटी दिले, त्यातले २,८०० ठरावीक प्रकल्पांना, ८५० गावपातळीवरच्या छोट्या कामांना आणि ८५० थेट त्यांच्या सरकारला. मार्च २०२४ मध्ये पुढच्या पाच वर्षांसाठी १०,००० कोटी जाहीर झाले. बँकेत आम्ही याला स्वच्छ खातं म्हटलं असतं.

मालदीवचं खातं उघडा. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ४०० कोटी होते, सुधारित अंदाजात ते ७७० कोटींच्या वर गेले. त्याच वर्षी तिथे ‘इंडिया आउट’, म्हणजे भारतीय सैनिक बाहेर काढा, म्हणणाऱ्यांच्या पाठिंब्यावर नवे अध्यक्ष निवडून आले होते. पुढच्या वर्षी पुन्हा ४००, मग सुधारित ४७०, आणि २०२५-२६ मध्ये ६००. याला साधं कारण असू शकेल: माले बेटाला शेजारच्या बेटांशी जोडणाऱ्या पुलाचं काम आपल्या पैशातून चाललंय, त्याची बिलं ज्या वर्षी आली त्या वर्षी आकडा फुगला. किंवा रुसलेल्या शेजाऱ्याला धरून ठेवायचं असेल. दोन्ही कारणं मला पटतील. पण माझ्यासारखीने ती वर्तमानपत्रांतल्या अंदाजांवरून का ताडायची?

अफगाणिस्तानला २०२४-२५ मध्ये २०० कोटी ठेवले, वर्षअखेरीस ५० केले, २०२५-२६ मध्ये १००. त्याआधीच्या दोन दशकांत आपण तिथे सुमारे तीन अब्ज डॉलर घातले. झरंज ते दिलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता, काबूलची संसद, हेरातजवळचं सलमा धरण. धरणाचा अंदाज २००४ मध्ये साधारण ३५० कोटींचा होता, शेवटी मंजुरी घ्यावी लागली १,७७५ कोटींना. मिझोरामला म्यानमारमार्गे समुद्राशी जोडायच्या कलादान प्रकल्पाचंही तेच: २००८ मध्ये ५३६ कोटी, २०१५ मध्ये २,९०४ कोटी. सित्त्वे बंदर सुरू झालं, पण मिझोरामपर्यंत यायचा रस्ता अपुराच, आणि वाटेतलं पलेत्वा जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या बंडखोर आराकान आर्मीने घेतलं. यादवी चाललेल्या मुलुखात कामं रखडतात, खर्च वाढतो, हे समजण्यासारखं आहे. पण दोन्हीकडे पाचपट? पहिला अंदाज कोणी केला, तेव्हा कोणते धोके नोंदवले होते, दुसऱ्यांदा पैसे वाढवताना थांबायचा पर्याय कोणी मांडला होता का? काबूलच्या त्या इमारतीत २०२१ पासून संसद भरलेली नाही. ती बांधायला नको होती असं मी म्हणणार नाही, २०१५ मध्ये कोणाला पुढचं दिसत होतं! पण त्या वेळी काय दिसत होतं ते तरी लिहून ठेवलेलं असेल ना?

अफगाणिस्तानचं आम्हा पुणेकरांना थोडं जास्त लागतं. सरकारच्या शिष्यवृत्तीवर, सांस्कृतिक संबंध परिषदेमार्फत, शेकडो अफगाण मुलंमुली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि इथल्या कॉलेजांत शिकत होती. कोविडमध्ये वर्ग बंद झाले तेव्हा बरीच घरी गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडलं आणि भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे व्हिसा गृह मंत्रालयाने एका फटक्यात रद्द केले. त्यात ही मुलंही आली. मुलींचं तर तिकडेही शिक्षण बंद आणि इकडेही दार बंद. सुरक्षेचं कारण असेलच, त्यावर मी घरात बसून मत देणार नाही. पण एका मंत्रालयाने वर्षानुवर्षं पैसे घालून जे जोडलं ते दुसऱ्या मंत्रालयाच्या एका आदेशाने तुटलं, तेव्हा त्याचा हिशेब कोणत्या टेबलावर मांडला गेला? तुमच्या समितीने हे विचारायला हवं होतं.

आता निर्णय होतो कसा, याकडे वळते. आपलं अधिकृत धोरण असं की मदत मागणीनुसार द्यायची. समोरच्या सरकारने मागायचं, आपण अटी लादायच्या नाहीत. ऐकायला छान आहे, आणि त्यामागे इतिहासही आहे. १९६६ मध्ये बिहारात दुष्काळ असताना अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन गव्हाची जहाजं महिन्याच्या हिशेबाने सोडत होते; व्हिएतनामवरची आपली टीका त्यांना खुपत होती. आमच्या आईच्या पिढीने रेशनवरचा तो गहू आणि नंतर बाहत्तरच्या दुष्काळातली ती लाल मिलो ज्वारी खाल्ली आहे. त्या भाकरीची चव आणि कोणाच्या तरी मेहेरबानीवर असल्याची बोच, दोन्ही ती शेवटपर्यंत विसरली नाही. म्हणून आपण अट घालत नाही, हे योग्यच.

पण मागणारे पुष्कळ आणि पैसे थोडे, तेव्हा होकार कोणाला आणि नकार कोणाला हे ‘मागणीनुसार’ या शब्दाने ठरत नाही. ते वकिलातीतून येणाऱ्या पत्रांवरून, उच्चस्तरीय दौऱ्यांत जाहीर करायच्या आकड्यांवरून आणि चीनने शेजारी काय बांधलं यावरून ठरतं. २०१२ मध्ये मंत्रालयात विकास भागीदारीचा वेगळा विभाग झाला, कामाला शिस्त आली. निवडीची कारणं मात्र फाइलीतच राहिली.

आणि हे ५,४८३ कोटी म्हणजे मदतीचं फक्त पुढचं दालन. मागचं दालन आयात-निर्यात बँकेच्या सवलतीच्या कर्जांचं. तीस अब्ज डॉलरहून अधिक रकमेची कर्जं आपण साठाहून अधिक देशांना मंजूर केली आहेत. व्याजाची तफावत केंद्र सरकार सोसतं, आणि साधारणपणे ७५ टक्के माल-सेवा भारतातून घ्यायची अट असते. (अट नाही म्हणतो खरे, पण ही आहे.) बांगलादेशाच्या नावापुढे २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात १२० कोटी दिसतात, कर्जाचे करार आहेत सुमारे आठ अब्ज डॉलरचे, आणि त्यातली उचल कराराच्या मानाने फारच थोडी. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्ता उलटली. आता कोणते प्रकल्प चालू ठेवायचे आणि कोणते सोडायचे? ही दोन्ही दालनं एका कागदावर आणल्याशिवाय आपण कोणाला खरंच किती देतो हे खासदारांना तरी कसं कळणार?

तुम्ही म्हणाल, असली कारणं कुठलंच सरकार चव्हाट्यावर मांडत नाही. मांडतं. पुणं हेच त्याचं उदाहरण, कारण पुणं स्वतः परदेशी मदत घेणारं शहर आहे. मुळा-मुठेत सरळ जाणारं सांडपाणी अडवायला ११ शुद्धीकरण केंद्रं, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमता, खर्चाचा अंदाज ९९० कोटी. यासाठी जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेने, म्हणजे आमच्या रोजच्या बातम्यांतल्या ‘जायका’ने, केंद्राला अल्प व्याजाचं कर्ज दिलं. करार जानेवारी २०१६ चा. प्रकल्पखर्चाचा ८५ टक्के भाग केंद्राने महापालिकेला अनुदान म्हणून द्यायचा. पुढे निविदा चढ्या आल्या, रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या आणि भूमिपूजनाला मार्च २०२२ उजाडला. यावर पुणेकरांनी इतकं लिहून ठेवलंय की मी त्यात भर घालत नाही.

माझा मुद्दा कर्ज देताना जायकाने केलेल्या कागदाचा आहे. ते मंजुरीच्या वेळीच पूर्वमूल्यमापन छापून संकेतस्थळावर टाकतात. भारतात या कामाची गरज काय, जपानच्या धोरणात ते कुठे बसतं, धोके कोणते, आज परिस्थिती काय आहे आणि काम संपल्यावर काही वर्षांनी कोणता आकडा कुठे पोचलेला असावा. मग त्या मुदतीनंतर पुन्हा येऊन मोजतात आणि गुण देतात, कमी पडले तर कमी. ओसाकातल्या एखाद्या करदात्याला वाटलं की माझे येन पुण्याच्या गटारात का घालता, तर त्याला उत्तर वाचायला मिळतं. कोथरूडच्या करदात्याने विचारलं की माझे रुपये मॉरिशसला का, तर त्याला हस्तांदोलनाचा फोटो मिळतो.

जपान काही धर्मादाय करत नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला ०.१ टक्का व्याजाने ५० वर्षांचं कर्ज देताना आपली शिंकान्सेन, म्हणजे तिकडची बुलेट ट्रेन, विकली जावी हा हेतू त्यांनी कधी लपवला नाही. आपलाही स्वार्थ असू दे, तो लिहा. इराणमधल्या चाबहार बंदरासाठी २०२५-२६ मध्ये १०० कोटी ठेवले ते इराणवरच्या प्रेमापोटी नव्हेत, पाकिस्तानला वळसा घालून मध्य आशियात जायला ठेवले होते. हे वाचून कोणाला धक्का बसणार आहे?

हेतू उघड केले तर शेजारी दुखावतील, असं मंत्रालय म्हणेल. मालदीवमध्ये काय झालं ते पाहा. विरोधकांना ‘इंडिया आउट’साठी सगळ्यात मोठं हत्यार मिळालं ते करार गुप्त ठेवल्याचं. पूल नको असं तिथे फारसं कोणी म्हणत नव्हतं. कागदावर काय लिहिलंय ते सांगा, असं म्हणत होते. जे झाकलं जातं त्याबद्दल लोक वाईटच कल्पना करतात, तिकडेही आणि इकडेही.

इकडचा अनुभव पुण्याहून जास्त कोणाला आहे? २० जानेवारी २०२१ ला परदेशांना कोविडची लस पाठवायच्या ‘लसमैत्री’तल्या पहिल्या कुप्या भूतान आणि मालदीवला गेल्या, पुण्यात बनलेल्या कोविशील्डच्या. छाती फुगली होती आमची. एप्रिलमध्ये आमच्याच केंद्रांवर ‘लस संपली’चे फलक लागले आणि तीच मैत्री शिव्यांचा विषय झाली. तोवर बाहेर गेलेल्या सुमारे ६.६ कोटी मात्रांपैकी भेट दिलेल्या होत्या १.०७ कोटी, बाकीच्या विकलेल्या किंवा गरीब देशांसाठीच्या जागतिक कोव्हॅक्स योजनेतल्या. टाळ्या हव्या होत्या तोवर सगळ्यांना मिळून मैत्री म्हटलं गेलं. शिव्या सुरू झाल्यावर भेट किती, विक्री किती हे वेगळं करून सांगायला सुरुवात झाली. निर्यात थांबली ती ऑक्टोबरपर्यंत. यात सगळ्यात अवघडलं कोण? आपलं ते स्वच्छ खातं, भूतान. आपल्या लसीवर त्यांनी बहुतेक सगळ्या प्रौढांना पहिली मात्रा दिली, आणि जुलैमध्ये दुसऱ्या मात्रेसाठी अमेरिका, डेन्मार्क यांच्याकडून लस घ्यावी लागली. अडचणीच्या वेळी आपलं आधी बघायचं हे मलाही मान्य आहे. पण आपल्याकडे टंचाई आली तर कोणाचा शब्द पाळायचा आणि कोणाला थांबवायचं, हे जानेवारीत कोणी लिहून ठेवलं असतं तर एप्रिलमध्ये एवढी फरफट झाली नसती.

चांगलं दिलेलंही सांगते, नाहीतर पेन्शनर बाई नुसती कुरकुरते असं व्हायचं. श्रीलंकेच्या उत्तर आणि पूर्व भागात युद्धानंतर आपण हजारो घरं बांधून दिली. त्यातल्या बहुसंख्य घरांसाठी पैसे टप्प्याटप्प्याने थेट कुटुंबांच्या खात्यात गेले आणि त्यांनी आपापलं घर उभं केलं. २०१६ मध्ये आपल्या अनुदानातून तिथे ‘१९९०’ ही मोफत रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, आपल्याकडच्या १०८ सारखी, आणि पुढे ती देशभर पसरली. नेपाळात शाळा-दवाखान्यांची छोटी कामं स्थानिक संस्थांमार्फत होतात. दिल्लीत क्वचितच कोणी यांचं नाव घेतं, कारण फीत कापायला मोठं काही नसतं. यांचं मूल्यमापन छापलं असतं तर पुढच्या वर्षी पैसे कुठे वाढवायचे यावर निदान वाद तरी घालता आला असता.

टक्केवारीचा कायदा करा अशी माझी मागणी नाही. ब्रिटनने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत २०१५ मध्ये कायद्यात घातली, २०२१ मध्ये ०.५ वर आणली, आणि २०२७ पर्यंत ०.३ वर आणणार असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेने २०२५ मध्ये आपली परदेशी मदतीची संस्था ‘यूएसएआयडी’च गुंडाळली. त्यांची जागा कोण भरणार अशी चर्चा दिल्लीत सुरू आहे, म्हणजे आपल्याकडे मागणाऱ्यांची रांग वाढणार. म्हणून आताच विचारते आहे.

पुढच्या अनुदान मागण्यांच्या वेळी सचिवांकडून प्रत्येक देशासाठी दोन पानं मागून घ्या. मागणी कोणी आणि कधी केली, आपल्याला त्यातून काय हवं आहे, अनुदान आणि कर्ज मिळून एकूण किती, दुसऱ्या कोणाला नकार देऊन हे दिलं का, आणि पाच वर्षांनी काय मोजणार. संरक्षणाशी संबंधित ओळी खुशाल काळ्या करा. ओळ काळी केलेली दिसली तरी तिथे काहीतरी आहे एवढं कळेल. शंभर कोटींवरच्या प्रत्येक प्रकल्पाचं काम संपल्यावर मंत्रालयाबाहेरच्या कोणाकडून मूल्यमापन करून घ्या आणि अंदाज दुप्पट झाला की तो प्रकल्प आपोआप तुमच्या समितीपुढे परत येईल अशी शिफारस करा. सुरुवात कलादानपासून केलीत तर बरं, ते खातं सगळ्यात जुनं थकलेलं आहे.

मला वेगळं उत्तर पाठवायची गरज नाही. ती दोन-दोन पानं संसदेच्या संकेतस्थळावर टाका, मी वाचेन. मराठीत असली तर तळजाईवरही वाचून दाखवीन.

आपली,
एक निवृत्त बँक अधिकारी
सहकारनगर, पुणे